अगाडी-पिछाडी

दिवस मावळतीला आला की तबेल्यात धूर करायचा, हे आमच्या घरात माझं काम होतं. तबेला म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. घराच्या पडवीला लागून कुडाचं एक छप्पर आणि आत एकच घोडी. पण म्हशी बांधतात तो गोठा आणि घोडी बांधतात तो तबेला, हा फरक तात्या कटाक्षानं पाळायचे. तात्या म्हणजे माझे आजोबा. स्टेशन ते गाव असा त्यांचा टांगा चालायचा आणि त्या टांग्यावर घरातल्या नऊ माणसांचं निम्मं पोट चालायचं.

धूर करायची रीत ठरलेली होती. फुटक्या घमेल्यात दोन गोवऱ्या पेटवायच्या, निखारा धरला की वर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा आणि घमेलं वाऱ्याच्या तोंडाला ठेवायचं. धूर छपराखाली पसरला की डास, चिलटं निघून जायची आणि हरणी पाय आपटायचं थांबायची. हरणी रंगानं कुमैत होती, आयाळ आणि शेपूट काळंभोर. तात्या टांगा सोडून आले की आधी तिला खरारा करायचे, मग तोबरा चढवायचे आणि मगच स्वतः हातपाय धुवायचे. ओसरीवरून त्यांची हाक यायची, “धूर केलास का रं?” मी म्हणायचो, “व्हय तात्या.” एवढं बोलणं रोजचं.

आमचं गाव बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या काठी. कालव्यानं ऊस दिला, पैसा दिला, तसा पाझरही दिला. पावसाळ्यात कालव्याच्या कडेनं गुडघाभर चिखल असायचा आणि भादव्यात ऊन पडलं की त्या चिखलावरून माश्या उठायच्या. साधी माशी नव्हे. बोटाच्या पेराएवढी, करड्या रंगाची, मोठ्या डोळ्यांची. आम्ही तिला घोडमाशी म्हणायचो, कुणी गोमाशी म्हणतात. ती चावली की जागेवर रक्ताचा थेंब उभा राहतो. माणसाला चावली तर माणूस तोंडातून शिवी काढतो. घोडीला शिवी देता येत नाही. ती फक्त कातडी थरथरवते.

१९७५ सालचा गणपती होता. मी बारा वर्षांचा होतो. मंडळाचं नाटक बसत होतं आणि त्यात मला राजाच्या मागं चवरी ढाळायचं काम मिळालं होतं. तालमी नेमक्या दिवे लागायच्या वेळी असायच्या. पहिल्या दिवशी मी धूर केला आणि उशिरा पोचलो, तर दुसऱ्याच पोराच्या हातात चवरी. दुसऱ्या दिवसापासून मी धूर करणं सोडून दिलं. घमेलं जागच्या जागी ठेवायचो, वर कालचीच राख. तात्या विचारायचे, “धूर केलास का रं?” मी पळता पळता म्हणायचो, “व्हय तात्या.” असे आठ दिवस गेले. एका सकाळी तात्या हरणीच्या मानेवरून हात फिरवत होते. कातडीवर बारीक बारीक गांध्या उठल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “यंदा डासच लई झाल्यात.” ते काही बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात हरणी आजारी पडली. ताप यायचा, दोन दिवस राहायचा, उतरायचा. आम्हाला वाटायचं बरी झाली. चंदी खायची, पण अंगाला लागायची नाही. बरगड्या दिसायला लागल्या. मग पाय सुजले, पोटाखाली सूज आली. एक दिवस टांग्याला जुंपली आणि चार पावलांत तिचा मागचा भाग लडखडला. तात्यांनी तिथंच जू उतरवलं. ओळखीच्या वैदूचं औषध झालं, काढे झाले, खंडोबाचा भंडारा लावून झाला. शेवटी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कानाची शीर टोचून रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, “सर्रा आहे. फार पुढं गेलंय. माश्यांच्या चावण्यानं होतो हा.” तिसऱ्या दिवशी पहाटे हरणी गेली.

‘माश्यांच्या चावण्यानं’ हे शब्द मी खांबाआडून ऐकले आणि मला कळायचं ते कळलं. घोडी मी मारली होती.

तात्यांनी परत घोडी घेतली नाही. घ्यायला पैसा नव्हता आणि गावात एस.टी. यायला लागली होती. टांगा मोडीत काढला. तात्या दुसऱ्याच्या उसाची राखण करायला लागले. १९८१ साली ते गेले, तोवर मी त्यांना सांगितलं नाही. पुढं मी मास्तर झालो. खरं बोलावं यावर पोरांकडून निबंध लिहून घेतले. पण धुराचा वास आला की पोटात खड्डा पडायचा तो पडायचाच.

चाळीस वर्षांनंतर ही गोष्ट मी पहिल्यांदा कुणाला सांगितली, ती माझ्या पुतणीला. ती जनावरांची डॉक्टर आहे. गणपतीलाच घरी आली होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, तुमच्या धुराचा आणि सर्राचा काही संबंध नाही.”

तिनं मला जे समजावलं ते असं. सर्राचा जंतू रक्तात असतो. १८८० साली डेरा इस्माईल खान इथं ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्यानं तो आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला. हेच जंतू आजाराचं कारण आहेत हे त्याचं म्हणणं त्या वेळी वरच्यांना पटलं नव्हतं. हा जंतू मुख्यतः घोडमाशी पसरवते आणि घोडमाशी दिवसाची चावते, भर उन्हात. अंधाऱ्या छपरात शिरायला ती सहसा बघत नाही. संध्याकाळी आपण धूर करतो तोवर तिचा दिवस संपलेला असतो.

“आणि काका,” ती म्हणाली, “हा जंतू माशीच्या पोटात वाढत नाही. तिच्या तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तात थोडा वेळ जगतो, इतकंच. माशी एका जनावराला चावते, ते शेपटी मारतं, ती अर्धवट पोटानं उठते आणि शेजारच्या जनावरावर बसते. तेवढ्यात काम होतं. म्हणून दोन जनावरं किती जवळ बांधलीत याला महत्त्व. म्हशीच्या रक्तात हा जंतू असला तरी पुष्कळदा ती काही दाखवत नाही. दूध देते, रवंथ करते. घोडा मात्र औषध न मिळालं तर बहुधा जातोच. हरणीला दिवसा कुठं बांधायचे?”

मी एकदम गप्प झालो. टांग्याला खेप नसली की तात्या हरणीला कालव्याकडच्या बाभळीखाली बांधायचे. तिथं सावली होती, हिरवं गवत होतं. आमच्या दोन्ही म्हशी तिथंच, हातभर अंतरावर. तात्या म्हणायचे, “एकटी नगं, सोबत आसू दे तिला.”

म्हणजे हिशेब असा झाला. म्हशीनं शेपटी मारली, ती स्वतःचा जीव वाचवायला. माशी उठून हरणीवर बसली, ती पोटासाठी. तात्यांनी हरणीला म्हशींजवळ बांधलं, ते मायेनं. या तिघांमुळं हरणी गेली असेल, आणि तिघांचाही काही गुन्हा नव्हता. मी मात्र खोटं बोललो, काम चुकवलं, आणि माझ्यामुळं काहीच झालं नव्हतं.

पुतणी माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं असणार, काकांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण रात्री अंथरुणावर पडलो तर झोप येईना. ओझं हललंच नव्हतं. उलट आता ते नीट दिसत होतं. इतकी वर्षं त्याच्यावर हरणीच्या मरणाचं पांघरूण होतं. ते निघालं आणि खाली जे होतं ते उघडं पडलं.

मी स्वतःशी वाद घातला. मास्तर, घोडी तुझ्यामुळं मेली नाही ना? मग अपराध कसला? पण मग दुसरी बाजू बोलायची. समज, त्या वर्षी हरणीला काहीच झालं नसतं. सर्रा आला नसता, ती धडधाकट राहिली असती. मग त्या आठ संध्याकाळी कुठं जमा झाल्या असत्या? मी तर त्या विसरूनही गेलो असतो. पण हरणीनं त्या आठ रात्री उभ्यानं काढल्याच होत्या. डास तिच्या मानेला, पोटाला, डोळ्यांच्या कडांना चावलेच होते. कातडीवरच्या गांध्या खऱ्या होत्या. ते दुःख पुढच्या आजाराचं कारण होतं म्हणून मोठं आणि नव्हतं म्हणून शून्य, असं कसं म्हणता येईल? शेवट वाईट झाला की मागचं सगळं पाप आणि शेवट गोड झाला की मागचं सगळं माफ, असा हिशेब आपण माणसं सोयीनं करतो. ज्याला डास चावत होते त्याच्या बाजूनं पाहिलं तर तो हिशेब टिकत नाही.

मग मी आणखी मागं गेलो. धूर करणं हे माझं देणं होतं, पण ते कशामुळं लागत होतं? आम्ही तिला पाळत होतो, खाऊ घालत होतो, म्हणून? खाऊ घालणं तर कामाच्या बदल्यात होतं. मला वाटतं, त्या देण्याचं मूळ दाव्यात आहे.

मोकळ्या घोड्याकडं माश्यांवर पुष्कळ उपाय असतात. तो वाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. मातीत लोळून अंगाला धूळ माखून घेतो. लांब शेपटीनं पाठीपर्यंत वारतो. दोन घोडी असली तर एकमेकांच्या तोंडाकडं शेपूट करून उभी राहतात, म्हणजे एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोळ्यांवरच्या माश्या उडवते. आणि काहीच जमलं नाही तर तो पळत सुटतो.

आम्ही हरणीचं काय केलं होतं? पुढं दोन खुंट्यांना अगाडी, मागच्या पायाला पिछाडी. वाऱ्याकडं तोंड फिरवायची सोय नाही. लोळायला जागा नाही. टांग्याला जुंपताना शेपटीला गाठ मारलेली, लगामात अडकू नये म्हणून. जोडीला दुसरं घोडं नाही. तिच्याकडचा एकेक उपाय आम्ही काढून घेतला होता आणि त्या सगळ्यांच्या बदल्यात एक फुटकं घमेलं ठेवलं होतं. ते घमेलं माझ्या हातात होतं. तेही मी पेटवलं नाही.

ज्याचं पळणं आपण घेतलं, त्याच्या वतीनं पळायचं काम आपल्यावर येतं. हा काही उपकार नाही. मोबदला नाही. उसन्या घेतलेल्या वस्तूचं भाडं म्हणा हवं तर, आणि ते रोज संध्याकाळी द्यावं लागतं.

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या भागातून जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. अश्व धावून गेला की माणसं त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. मीही लावली आहे आणि लावताना डोळे भरून आले आहेत. पण धावत्या घोड्यापुढं नमणं सोपं आहे, तो आपल्याकडं काही मागत नाही. मागतो तो बांधलेला घोडा. आणि तोही तोंडानं मागत नाही, नुसता अंधारात पाय आपटतो.

इथं मला आजीची आठवण येते. तात्या घोडमाशी चिमटीत धरून चिरडायचे तेव्हा आजी म्हणायची, “हाकला की तिला. मारताय कशापायी? तिलाबी प्वाट हाय, लेकरं आसतील.” आम्ही हसायचो. पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आजीचं खरंच होतं. रक्त फक्त मादीच पिते, अंडी घालण्यासाठी. नर फुलांवर जगतो. मग प्रश्न येतोच. एकीकडं घोडी, एकीकडं पोटुशी माशी. बाजू कुणाची घ्यायची? घोडी आपल्या कामाची म्हणून तिची घ्यायची, हे उत्तर मला पटत नाही. तो नुसता स्वार्थ झाला. मला सुचलेलं उत्तर साधं आहे. माशी मोकळी आहे. तिला हाकललं तर ती दुसरीकडं जाईल, तिच्या वाटा शाबूत आहेत. घोडीच्या वाटा आपण बंद केल्या आहेत. एक मोकळा आणि एक बांधलेला असे दोघं समोर आले तर बांधलेल्याच्या बाजूनं उभं राहावं. आणि बहुतेक वेळा मारावंही लागत नाही, माशीला घोडीपर्यंत पोचू दिलं नाही तरी पुरतं. आजीचं म्हणणंही तेच होतं.

पण पोचू द्यायचं नाही म्हणजे काय करायचं, हे माहीत पाहिजे. तात्यांच्या मायेत काही कमी नव्हतं, पण त्यांना माहीत नव्हतं. बाभळीखाली म्हशींशेजारी बांधणं हा त्यांच्या दृष्टीनं लाड होता. त्यांना दोष देता येत नाही. मला मात्र आता पुतणीनं सगळं सांगितलं आहे. माहीत झाल्यावर न करणं ही चूक राहत नाही, ती माझ्या आठ संध्याकाळींच्या रांगेत जाऊन बसते.

हे सगळं कळणं माझ्यापुरतं वरातीमागून घोडं, असं मी म्हणत होतो. पण गंमत अशी की वरातीचं घोडंच घरी आलं. माझ्या धाकट्या पुतण्यानं लग्नाच्या वरातीसाठी एक पांढरी घोडी घेतली. लग्नसराईत तिच्या अंगावर भरजरी झूल, डोक्यावर तुरा, पुढं बँड. पावसाळ्यात मात्र ती चार महिने ठाणावर उभी.

मी त्याला म्हटलं, “बाबा, तुझी वरात उन्हाळ्याची, हिची परीक्षा पावसाळ्याची.” त्याच्या बहिणीनं सांगितलं तसं आम्ही केलं. घोडीचं ठाण म्हशींच्या गोठ्यापासून हलवून परसाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. भर दुपारी तिला बाहेर न बांधता छपरात, सावलीच्या अंधारात ठेवतो. लीद आणि मुताडलेलं गवत रोज सकाळी काढून लांब टाकतो. पायांना चावणारी छोटी माशी असल्याच ओल्या घाणीत अंडी घालते, आणि ती छपरात शिरायला लाजत नाही. दारा-खिडक्यांना बारीक जाळी लावली. संध्याकाळपासून एक पंखा लावतो. चिलटं दुबळी उडतात, वाऱ्यापुढं टिकत नाहीत. ही चिलटंही साधी नाहीत. १९६० साली आफ्रिकेतला घोड्यांचा एक भयंकर आजार मध्यपूर्वेतून आपल्या देशात आला होता, तो असल्याच चिलटांनी पसरवला होता. पावसाळ्यात घोडीला ताप दिसला तर उतरायची वाट बघत नाही, रक्त तपासायला देतो. सर्रा वेळेत सापडला तर त्यावर औषध आहे.

पुतण्या एकदा मोबाइलवर फोटो दाखवत होता. इंग्लंडात २०१९ साली संशोधकांनी घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घालून पाहिली. घोडमाश्या जवळ तेवढ्याच आल्या, पण पट्ट्यांवर त्यांना नीट उतरता येईना. झुलीच्या बाहेर राहिलेल्या तोंडावर मात्र नेहमीसारख्याच बसल्या. आता तोही काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं कापड शोधतो आहे. गाव हसेल. हसू दे. वरातीची झूल लोकांच्या डोळ्यांसाठी असते, ही तिच्यासाठी असेल.

एक गोष्ट मात्र मला जड गेली. मी घमेलं, गोवऱ्या आणि निंबाचा पाला घेऊन तयार होतो. इतक्या वर्षांनी धूर करीन, रोज करीन, असं मनाशी ठरवलं होतं. पुतणी म्हणाली, “काका, बंद छपरात धूर नको. घोड्याची फुप्फुसं नाजूक असतात. पंखा आहे ना?” घमेलं हातात तसंच राहिलं. माझं देणं ज्या नाण्यात फेडायचं मी ठरवलं होतं, ते नाणं आता चालत नव्हतं. क्षणभर रागही आला. मग लक्षात आलं, मी धूर करणार होतो तो माझ्यासाठी. घोडीला काय हवं हे विचारायच्या आधी मला काय फेडायचंय हे मी बघत होतो. आठ दिवस धूर न करण्यात जो आपमतलब होता, त्याचाच हा म्हातारा भाऊ.

घमेलं परत अडगळीत ठेवलं. आता दिवे लागायच्या वेळी मी तबेल्यात जातो. जाळी नीट बसली आहे का बघतो, पंख्याचं बटण दाबतो, तिच्या मानेवरून, पोटाखालून हात फिरवतो. एखादी गांधी हाताला लागते का ते चाचपतो. मग पिछाडी सोडतो. रात्री मागचा पाय मोकळा असला की तिला निदान अंग वळवता येतं.

ओसरीवरून विचारणारं आता कुणी नाही. तरी परत येताना मी पायरीशी थांबतो आणि हळूच म्हणतो, “बघून आलो, तात्या.”